तांडेल

मालिका चिनी, खालच्या ओळी इंग्रजी,
कोळंबी आमची.
तारामुंबरीच्या शेडमध्ये दुपारी अडीचला
मी मोबाईल बर्फाच्या पेटीवर उभा करते,
मिठाच्या पुड्याला टेकवून,
आणि हात चालू ठेवून वाचून सांगते.
बारावीच्या इंग्रजीवर जेवढं जमेल तेवढं.

पाच मुलगे एका खोलीत राहतात,
दिवसभर संगणकावर लढाई खेळतात,
त्याचा त्यांना पगार मिळतो.
"पगार?" रतनकाकी म्हणाली.
"आमचो दिनू रात्रभर फुकट खेळता."

पहिला आठवडा नावंच लक्षात राहिनात,
सगळ्यांचे केस कपाळावर सारखेच.
मग हफीजाने बारसं केलं.
कप्तान तो तांडेल.
जो मागे राहून बाकीच्यांना जपतो,
स्वतः कुणालाच मारत नाही, तो इंजिनवाला.
सतरा वर्षांचा, आईला फोनवर
"जेवलो" म्हणून खोटं सांगणारा, तो बारको.
दुसऱ्या संघातून फुटून आलेल्या मुलीवर मात्र
एकमत झालं नाही.
ती नुसती "ती".

शेवंतीला तांडेलाचं तिच्याशी लग्न हवं होतं.
रतनकाकी म्हणाली, "लगीन मागसून. आधी कप."
एवढ्यावरून शेवंती दोन दिवस
शेडच्या दुसऱ्या टोकाला बसली,
आणि तिथून मान लांब करून बघत राहिली.

सव्विसाव्या भागात तांडेलाच्या मनगटाला पट्टी.
डॉक्टर काळा फोटो उजेडात धरतो.
मी वाचलं: वय चोवीस,
पण हात म्हातारा झालाय.

कुणी काही बोललं नाही.
हातही थांबले नाहीत, किलोवर पैसे मिळतात.
फक्त हफीजाने टोपातून हात काढला,
अंगठा मनगटावर दाबून धरला, सोडला.
"तेका सांग," रतनकाकी म्हणाली,
"गरम पाण्यात मीठ घाल नि शेक.
रात्री एरंडाचा पान बांधूक होया."
काकी, तो चीनमध्ये आहे.
आणि नट आहे तो, हात दुखत नाही त्याचा.
"मगे? नटाक हात नसता?"

शेवटचा भाग मी आदल्या रात्रीच बघितला,
पवनचक्क्यांच्या खाली, जिथे रेंज येते,
आणि अंधारात एकटीच घरी आले
ते बरं वाटत नसताना.
म्हणून शेडमध्ये मी वाचलं: जिंकले.
पडद्यावर सोनेरी कागद पडत होते.
दुसऱ्यांच्या डोक्यावर.

रतनकाकीने माझ्याकडे बघितलंही नाही.
"खोटा नको वाचू, बाय.
रिकामी होडी पाण्यावर उंच चलता.
तो बघ कसो उभो हा."

मग खरं वाचलं.
अंतिम सामन्यात त्याने बारक्याला
आपल्या जागी बसवलं,
स्वतः मागे उभा राहिला, पाण्याची बाटली धरून.
काय म्हणाला? शेवंतीने विचारलं.
म्हणाला, खुर्ची थोडी खाली कर,
तुझे पाय पोचत नाहीत.

शेवंतीने लिहिणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या,
त्याचे हात मोडोत म्हणाली,
आणि मग जीभ चावली.
हफीजाने खुर्चीचा तेवढा तुकडा
चार वेळा मागे घ्यायला लावला.
वजनाला उभं राहेपर्यंत भांडण चालू होतं
की खेळला असता तर जिंकला असता का.
मुकादम म्हणाला, कोण खेळला?
त्याला कुणी सांगितलं नाही.

रतनकाकी त्या भांडणात नव्हती.
तिचे सोळा किलो भरले, दोनशे ग्रॅम पाण्याचे कापले.

दिनूने मला नंतर सांगितलं,
रात्री आई येऊन मागे उभी राहिली.
त्याला वाटलं, आता मोबाईल हिसकावणार.
हाताला फडकं, मिठाचा वास.
बराच वेळ बघत होती.
मग म्हणाली, "तुमच्यातलो तांडेल कोण रे?"

त्याने एका कानातलं काढलं.
"काय?"